इन्व्हर्टरच्या बॅटरीत आधी आम्ल तपास

बॅटरीत वीज साठवलेली नसते, हे आधी पक्कं कर. सल्फ्युरिक आम्लात शिशाची आणि लेड डायऑक्साइडची प्लेट बुडालेली असते. लोड आला की दोन्हींवर लेड सल्फेट चढतं, इलेक्ट्रॉन वायरीतून फिरतात आणि आम्ल पातळ होत जातं. म्हणून मी तरी व्होल्टमीटरआधी हायड्रोमीटर काढतो, म्हणजे आम्ल पाण्याच्या किती पट जड आहे ते दाखवणारी नळी. फुल चार्जला रीडिंग १.२५च्या आसपास येतं. बॅटरीच्या सहाही खणांचं, म्हणजे सेलचं, वेगवेगळं घे. एकच खण मागे पडलेला असेल तर दुखणं तिथेच आहे. उतरलेली बॅटरी तशीच पडू देऊ नकोस, सल्फेट कडक होतं. टॉप-अपला फक्त डिस्टिल्ड वॉटर, कारण उडतं ते पाणी. आणि चार्जिंगच्या वेळी खिडकी उघडी ठेवच, हायड्रोजन निघतो.