कंट्रोल ‘आत’ येईपर्यंत लावत राहायचा?

प्रश्न : मी बायोकेमिस्ट्री विभागात तंत्रज्ञ आहे. अ‍ॅनालायझर पूर्ण स्वयंचलित आहे. रोज सकाळी दोन लेव्हलचे (पातळ्यांचे) कंट्रोल, म्हणजे किती आकडा यायला हवा हे आधीच माहीत असलेले नमुने, लावतो. एखादा मर्यादेबाहेर गेला की तोच पुन्हा लावायचा आणि आत आला की रिपोर्ट सोडायचे, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मर्यादा कंट्रोलच्या पेटीतल्या इन्सर्टवरून (माहितीपत्रकावरून) घेतल्यात. मला हे खटकतं. सीनियर म्हणतात, ‘मशीन चांगलं आहे, काळजी नको.’ काय करावं?

उत्तर : खटकतंय ते रास्तच आहे. पण आधी सीनियरांच्या बाजूने थोडं बोलते, कारण ‘पुन्हा लावून बघू’ ही सवय नुसत्या आळसातून येत नाही. मर्यादा २ एसडीची (एसडी म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे सरासरीभोवती किती विखुरतात त्याचं माप) असेल, तर मशीन ठणठणीत असतानाही प्रत्येक कंट्रोल १०० पैकी साधारण ५ वेळा बाहेर पडतो. दोन लेव्हल लावल्या की सुमारे ९ टक्के रनमध्ये (तपासणीच्या फेऱ्यांमध्ये) खोटी घंटा वाजते. वीसेक टेस्ट असलेल्या लॅबमध्ये मग बहुतेक रोज सकाळी काहीतरी बाहेर असतंच, आणि माणसाला घंटा ऐकू येईनाशी होते.

मात्र हा हिशेब लॅबने स्वतः काढलेल्या एसडीचा. तुमच्या मर्यादा इन्सर्टच्या आहेत, आणि खरी मेख तिथेच आहे. अनेक लॅब, अनेक मशीन, रिएजंटचे (तपासणीच्या रसायनांचे) वेगवेगळे लॉट, या सगळ्यांना सामावून घ्यायचं म्हणून ती रेंज ऐसपैस असते. समजा, ग्लुकोजसाठी ८८ ते ११२ छापलंय. तुमच्या मशीनची सरासरी ९९ आणि एसडी २ आहे. एके दिवशी ११० आला, तर इन्सर्टप्रमाणे सगळं आलबेल; तुमच्या मशीनच्या हिशेबाने तो साडेपाच एसडी बाहेर! एवढी सैल मर्यादा ओलांडूनही कंट्रोल बाहेर जात असेल, तर ती खोटी घंटा असण्याची शक्यता फारच कमी.

मग दुसऱ्यांदा तो आत कसा येतो? समजा, सगळेच आकडे एका बाजूला इतके सरकलेत की नवी सरासरी बरोबर मर्यादेच्या रेषेवर आलीय. आकडे तिच्याभोवती विखुरणार, म्हणजे निम्म्या वेळा कंट्रोल आतच पडणार. हा सरळ छापाकाटा झाला.

म्हणून पहिलं काम : निदान २० वेगवेगळ्या दिवसांचे आकडे घ्या आणि स्वतःची सरासरी, स्वतःचा एसडी काढा. बाहेर गेलेला आकडा कारण सापडलं असेल तरच गाळायचा. नुसता आवडला नाही म्हणून गाळलात, तर एसडी खोटाच लहान होईल. कंट्रोलचा नवा लॉट जुना संपण्याआधीच त्याच्या जोडीने लावायला घ्या.

मग आकडे लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर, म्हणजे सरासरी आणि एसडीच्या रेषा आखलेल्या रोजच्या आलेखावर, मांडा. चार्ट १९५० पासूनचा आहे, आणि कंट्रोल कधी नाकारायचा हे ठरवणारे वेस्टगार्ड यांचे नियम १९८१ चे. त्यांत २ एसडी हा फक्त ‘नीट बघा’ असा इशारा आहे. ३ एसडीबाहेर गेला की रन थांबवायचा. दोन्ही लेव्हल एकाच बाजूला २ एसडीपलीकडे असतील, तर कॅलिब्रेशन (मशीनचं माप प्रमाणाशी जुळवणं) किंवा नवा रिएजंट लॉट तपासा. एक वर आणि एक खाली असेल, तर बुडबुडा किंवा प्रोबमधली (नमुना ओढणाऱ्या सुईतली) गुठळी शोधा. सलग १० आकडे सरासरीच्या एकाच बाजूला, म्हणजे काहीतरी हळूच सरकलंय. आणि सगळ्याच टेस्ट एकदम वर गेल्या, तर मशीन उघडण्याआधी कंट्रोलची व्हायल (बाटली) बघा. उघडी राहून पाणी उडालेलं असतं, नाहीतर विरघळवताना कमी पडलेलं असतं. इंजिनिअर येऊन नेमकं हेच सांगून जातो!

दुपारी कंट्रोल खरोखर बाहेर गेला, तर बिघाड दुरुस्त करून पुढचे नमुने लावणं पुरेसं नाही. शेवटचा चांगला कंट्रोल आणि हा, यांच्या मधले सगळे रिपोर्ट संशयित. त्यांतले नमुने उलट्या क्रमाने पुन्हा लावून बघा.

‘मशीन चांगलं आहे’ याबद्दल एवढंच : ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या पोटॅशियमयुक्त रसायनाच्या) नळीतलं रक्त चुकून सीरमच्या नळीत मिसळलं, तर पोटॅशियम अवाच्या सवा वाढतं आणि कॅल्शियम घसरतं. कंट्रोल मात्र अगदी सरासरीवर. मशीनने त्याला दिलेलं रक्त अचूकच मोजलेलं असतं; चूक नळीत झालेली असते.

सीनियरांशी वाद घालू नका. गेल्या महिन्याचे ग्लुकोजचे सगळे आकडे, रिपीट करण्याआधीचे धरून, तुमच्या एसडीच्या चार्टवर मांडा आणि तो त्यांच्यासमोर ठेवा.