तो फोटो वहिनींनी पाहिला

"ताई, वसतिगृहातला आमचा मित्र गेल्या महिन्यात अचानक गेला. 47 वर्षांचा होता. आम्ही सातही जण पोहोचलो, अंत्यविधी आटोपेपर्यंत थांबलो. नंतर कुणाचाच पाय घराकडे वळेना, म्हणून वाटेत एका हॉटेलात जेवायला बसलो. आधी सगळे गप्प. मग एकानं त्याच्या फजितीचा किस्सा काढला आणि आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. नेमका तेव्हाच दुसऱ्यानं फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकला. मित्राचा नंबर अजून त्या ग्रुपमध्ये आहे आणि त्याचा फोन वहिनींकडे. त्यांनी तो पाहिला. तेव्हापासून त्या आमच्यापैकी कुणाचाच फोन घेत नाहीत. एक मित्र म्हणतो, 'दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, वहिनी सध्या रागाच्या पायरीवर आहेत, ओसरेल.' मला मात्र ते जेवण आठवलं तरी लाज वाटते. जायलाच नको होतं का?"

जेवायला गेलात त्यात काहीही चुकलं नाही. दिवसभर ताटकळलेल्या, रडून दमलेल्या माणसाला भूक लागते. माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीला निरोप देऊन परतताना मला अशी सडकून भूक लागली होती, की स्वतःचाच राग आला. दोन घास पोटात गेल्यावर मग खरं रडू फुटलं.

हसण्याचंही तेच. जॉर्ज बोनॅनो आणि डॅकर केल्टनर या मानसशास्त्रज्ञांनी जोडीदार गमावलेल्या लोकांना सुमारे सहा महिन्यांनी त्याच्याविषयी बोलतं केलं आणि बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते टिपलं. 1997 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले: गेलेल्या माणसाबद्दल बोलताना ज्यांना मनापासून हसू आलं, त्यांचा मानसिक त्रास तुलनेनं कमी होता. हसल्यामुळेच तो कमी झाला, असं यातून सिद्ध होत नाही. पण हसलात म्हणजे दुःख खोटं होतं, हे तरी मनातून काढून टाका. फक्त हा अभ्यास वहिनींना ऐकवायला जाऊ नका!

आता तुमच्या त्या पायऱ्यावाल्या मित्राबद्दल. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या पाच अवस्था मांडल्या, त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी कधी रागवायचं आणि कधी शांत व्हायचं, याचं ते वेळापत्रक नव्हे. आणि खरं सांगू? राग 'पायरी'वर ढकलला की आपल्याला माफी मागावी लागत नाही, ही मोठी सोय आहे. वहिनींच्या रागाला कारण आहे आणि ते तुमच्या ग्रुपवर पडलेलं आहे.

त्या जागी स्वतःला ठेवून बघा. घरात माणसं दाटलेली, हातात नवऱ्याचा फोन. तो वाजतो. उघडावं तर त्याचे सात मित्र तोंडभर हसताहेत. कशावर हसताहेत ते फोटोत दिसत नाही. तुम्हाला तो किस्सा माहीत आहे, त्यांना फक्त तुमचे दात दिसले.

तेव्हा चूक आहे ती फोटोची. काढला तुम्ही नसेल, पण टेबल तुमचंही होतं. आता पुसता येत असला तरी तो पुसू नका. 'मेसेज काढून टाकला' अशी ओळ मागे राहिली, तर ती फोटोपेक्षा जास्त खुपेल.

सातही जणांनी जाऊ नका, ते शिष्टमंडळ वाटतं. तुम्ही जा, हवं तर फोटो टाकणाऱ्याला बरोबर घ्या. फोन उचलत नाहीत ना, मग त्यांच्या घरातल्या कुणाला तरी विचारून जा. माफीचा लांबलचक मेसेज तर मुळीच नको. समोर बसून एवढंच म्हणा, "वहिनी, तो फोटो टाकायला नको होता. चुकलं आमचं." आणि तिथं थांबा. 'पण आम्हीही खूप दुःखात होतो' हे शेपूट जोडू नका. 'त्यालाही हेच आवडलं असतं' हे तर अजिबात नको. गेलेल्या माणसाला आपला साक्षीदार करणं मला फार चमत्कारिक वाटतं. त्या बोलतील, कदाचित खूप बोलतील. ऐकून घ्या. भेटायलाच नको म्हणाल्या तर परत या आणि काही आठवड्यांनी पुन्हा विचारा.

आणि त्यांनी विचारलं, "एवढं हसत कशावर होतात?", तर तो किस्सा सांगा, पहिल्यापासून, काही न गाळता. वसतिगृहातला तो पोरगा त्यांनी कधी पाहिलेलाच नाही, त्यांना भेटला तो नंतरचा. ती वर्षं फक्त तुम्हा सातजणांकडे आहेत. त्या हसतील किंवा रडतील, कदाचित तुम्हाला उठायला सांगतील. त्यांनी विचारलं नाही, तर मात्र किस्सा तुमच्याजवळच ठेवा.

दरम्यान त्याचा नंबर ग्रुपमधून कुणीही काढू नका. कधी काढायचा, ते वहिनी ठरवतील.