जहाजावरचा खर्च आणि कार्डावरचा बोजा

जळगाव-धुळ्याहून निघणाऱ्या परदेशी सहलींत आता क्रूझचे तीन-चार दिवस हमखास असतात. त्याबद्दल आलेल्या पत्रांत बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: जहाजावर कार्ड दिल्यावर बँकेतून नेमकं काय अडकतं, आणि ते सुटतं कधी?

प्रश्न : आम्ही दोघं सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला जाणार आहोत. टूरवाले सांगतात की जहाजावर क्रेडिट कार्ड द्यावं लागतं आणि त्यावर ‘होल्ड’ लागतो. कार्डाची मर्यादा १ लाख आहे, त्यातले ३८ हजार आधीच वापरलेत. होल्ड म्हणजे पैसे कापले जातात का? (रावेर)

उत्तर : कापले जात नाहीत, अडकतात. सातबाऱ्यावर बोजा चढतो तसंच हे आहे. जमीन तुमचीच असते, पण ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचं नाव लागलं की विकता येत नाही. आणि कर्ज फिटलं तरी नोंद कमी होईपर्यंत बोजा दिसतच राहतो. कार्डाचा होल्डही असाच रेंगाळतो, आणि खरी अडचण तिथेच होते.

जहाजावर खरेदीला थेट रोख चालत नाही. चढताना खोलीच्या किल्लीसारखं एक कार्ड मिळतं. चहा, वाय-फाय, फोटो, किनाऱ्यावरची सहल, सगळं त्यावर लिहिलं जातं. या खात्यामागे तुम्ही तुमचं बँकेचं कार्ड नोंदवता. खर्चाचे पैसे मिळतील याची खात्री म्हणून कंपनी बँकेकडे ठरावीक रक्कम राखून ठेवायला सांगते. कुणी ही रक्कम माणशी-दिवसाप्रमाणे धरतं, कुणी सुरुवातीला एकच आकडा लावतं आणि खर्च त्याच्या पुढे गेला की नवा होल्ड घेतं. तुमच्या कंपनीची पद्धत बुकिंगच्या अटींत लिहिलेली असते. टूरवाल्याकडून ते पान मागून घ्याच.

आता तुमचा हिशेब. डॉलर ९० रुपये धरू. मोकळी मर्यादा ६२,०००. पहिल्या दिवशी ३०० डॉलरचा होल्ड लागला, म्हणजे २७,००० अडकले. अमेरिकी पद्धतीच्या जहाजांवर सेवकवर्गाची टिप माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर आपोआप चढते. १८ धरली तर दोघांची चार रात्रींची १४४ होते. वाय-फाय आणि पेयं ९०, किनाऱ्यावरची सहल १३०, फोटो ४६. एकूण ४१०. तिसऱ्या दिवशी खर्च ३०० च्या पुढे जाताच जहाज आणखी २०० डॉलर, म्हणजे १८,००० अडकवतं. आता ४५,००० अडकले आणि मोकळे उरले १७,०००.

शेवटच्या सकाळी ४१० डॉलरचं, म्हणजे ३६,९०० रुपयांचं एकच बिल लागतं. ही रक्कम २७,००० शी जुळत नाही, १८,००० शीही नाही. बँकेच्या यंत्रणेनं बिलाची गाठ पहिल्या होल्डशी घातली, तर तो सुटतो आणि दुसरा तसाच राहतो: ३६,९०० अधिक १८,००० म्हणजे ५४,९००. गाठच बसली नाही तर ८१,९०० अडकल्यासारखे दिसतात आणि कार्ड बंद पडल्यागत होतं. नेमकं त्याच दुपारी सिंगापूरच्या हॉटेलवाल्याला स्वतःचा होल्ड लावायचा असतो. क्रूझहून उतरलेल्यांची फजिती बहुतेक वेळा हॉटेलच्या काउंटरवर होते, ती यामुळे.

म्हणून आमचा आग्रह असा: निघण्यापूर्वी ते ३८,००० भरून टाका, आणि हॉटेलसाठी दुसरं कार्ड बाजूला ठेवा. हे दुसरं कार्ड जहाजावर कुठेही नोंदवू नका.

बँकेच्या ॲपमधली तयारी आठ दिवस आधी करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवी आणि बदलून मिळालेली कार्डं मुळात देशातल्या वापरापुरतीच चालू असतात. परदेशी व्यवहार तुम्ही स्वतः सुरू करायचे. त्यातही दुकानातलं मशीन आणि ऑनलाइन अशी दोन वेगळी बटणं असतात. जहाजाच्या ॲपमध्ये कार्ड नोंदवायचं तर ऑनलाइनचं लागतंच. तिथेच रोजची मर्यादाही असते. ती २५,००० वर राहिली असेल तर २७,००० चा होल्ड नाकारला जाईल, मोकळी मर्यादा कितीही असो. समुद्रात गेल्यावर हे दुरुस्त करणं जिकिरीचं होतं: फोन जहाजाचं महागडं नेटवर्क पकडतो, ते टाळायला एअरप्लेन मोडवर टाकावा लागतो, आणि मग बँकेचा ओटीपी येत नाही. बँकेचा परदेशातून लावायचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

शेवटच्या बिलावर बँकेचं परकीय चलनाचं शुल्कही लागतं. बऱ्याच कार्डांवर ते ३.५ टक्के असतं, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. ३६,९०० वर सुमारे १,५२४ रुपये. ‘रुपयांत बिल करू का?’ असं जहाजावर विचारलं तर नाही म्हणा, कारण तिथला भाव बहुधा आणखी महाग पडतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे, क्रेडिट कार्ड कधी घेतलं नाही. पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड दिलं तर? (धुळे)

उत्तर : परदेशी व्यवहार चालू असलेलं डेबिट कार्ड बऱ्याच जहाजांवर घेतात, पण तुम्ही ते देऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. क्रेडिट कार्डावर बँकेनं दिलेली मर्यादा अडकते. इथे तुमची शिल्लक अडकते. त्या आठवड्यात मेडिक्लेमचा हप्ता किंवा गॅसचं ऑटो-डेबिट असेल, तर पासबुकात पैसे दिसत असूनही ते परत जाईल. शिवाय डेबिट कार्डावरचा होल्ड सुटायला अनेकदा जास्त दिवस लागतात.

तुमच्यासाठी रोख अनामत बरी. बहुतेक जहाजांवर पहिल्या दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर डॉलर भरून खातं उघडता येतं, आणि उरलेले शेवटच्या दिवशी परत मिळतात. काही जहाजांवर किमान रक्कम ठरलेली असते. नोटा अधिकृत मनी चेंजरकडूनच घ्या; बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधी परकीय चलन भरून घेतलेलं प्रीपेड कार्ड, या कामाला टाळलेलंच बरं. बऱ्याच कंपन्या प्रीपेड कार्ड नोंदवून घेत नाहीत, आणि घेतलं तर त्यातले भरलेले पैसे तुमच्या डेबिट कार्डासारखेच अडकतात.

प्रश्न : मुलाचं कार्ड आम्हा आईवडिलांच्या खोलीला लावता येईल का? (शहादा)

उत्तर : मुलगा सोबत असेल तर येईल. एकच कार्ड दोन खोल्यांना जोडता येतं, पण ते त्याच्या हजेरीत आणि सहीनं. होल्ड मग दोन्ही खोल्यांचा एकाच मर्यादेवर पडतो, तेवढी जागा ठेवा. मुलगा येणार नसेल तर त्याच्या कार्डावर तुमच्या नावाचं ॲड-ऑन कार्ड काढून घ्या, पंधरा-वीस दिवस आधी. नातवंडांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालता येते किंवा खरेदी बंदही करता येते. पहिल्याच दिवशी काउंटरवर तसं सांगा.

प्रश्न : परत येऊन बारा दिवस झाले. बिल भरलं गेलं, तरी ॲपमध्ये अडकलेली रक्कम दिसते. संदेश तर ‘इतके रुपये खर्च झाले’ असे तीन आलेत. तिनदा पैसे गेले का? (भुसावळ)

उत्तर : बहुधा नाही. अनेक बँका होल्डलाही ‘खर्च झाले’ असाच संदेश पाठवतात. संदेश बाजूला ठेवा आणि कार्डाचं मासिक बिल बघा. होल्ड त्या बिलात येत नाही, फक्त प्रत्यक्ष लागलेली रक्कम येते.

होल्ड साधारण तीन ते सात कामाच्या दिवसांत सुटतो, कधी दहा, क्वचित तीस. बारा दिवसांनी बँकेला लेखी कळवणं योग्य आहे. सोबत जहाजाचं अंतिम बिल जोडा आणि अडकलेल्या रकमेची तारीख व ऑथरायझेशन कोड (होल्ड मंजूर करताना पडलेला क्रमांक) लिहा. कोड ॲपमध्ये दिसत नसेल तर कस्टमर केअरला विचारा. बँक म्हणेल, ‘व्यापाऱ्यानं सोडायला हवं.’ तेव्हा तेच तपशील क्रूझ कंपनीच्या हिशेब विभागाला मेल करून होल्ड रद्द केल्याचं पत्र मागवा आणि ते बँकेला द्या. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला शुल्क नाही.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना: बिल जहाजाच्या ॲपवर किंवा खोलीतल्या टीव्हीवर रोज दिसतं. न घेतलेली पाण्याची बाटली त्यात चढली असेल तर शेवटच्या आधीच्या रात्रीच सांगा. शेवटच्या रात्री काउंटरवर लांब रांग असते, आणि उतरल्यावर हाच वाद मेलवर महिनाभर चालतो.

प्रश्न : किसान क्रेडिट कार्ड चालेल का? (पारोळा)

उत्तर : नाही. ते पीककर्जाचं खातं आहे, आणि त्याचं रुपे कार्ड देशातल्या वापरासाठी असतं. सहकारी बँकांची साधी रुपे डेबिट कार्डंही बहुतेक देशापुरतीच चालतात. बाहेर चालायला रुपेचं आंतरराष्ट्रीय कार्ड लागतं आणि तेही प्रत्येक जहाजावर घेतलं जाईलच असं नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड न्या. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे जाणाऱ्या जहाजाचा हिशेब मात्र रुपयांत असतो. तिथे कोणतं कार्ड घेतात, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.