गावाकडच्या घरासाठी दहा-बारा हजारांतला ३२ इंची टीव्ही घेताना काय बघावं?

मानवतजवळच्या गावी आई-वडिलांसाठी टीव्ही घ्यायचाय, दुकानात नेमकं काय तपासू, असं तुम्ही विचारलंय. मी परभणीत राहतो. माझं मत स्पष्ट आहे: या किमतीत आधी पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा बघा, स्मार्ट आहे की नाही ते नंतर.

खोक्यावर एलईडी लिहिलेलं असलं तरी आत एलसीडी पॅनलच असतं, एलईडी दिवे फक्त मागून उजेड देतात. पॅनल आयपीएस प्रकारचं असेल तर बाजूनं किंवा खालून पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलवर समोरून काळा रंग जास्त गडद दिसतो, पण बाजूला सरकलं की चित्र फिकं पडतं. आता गावाकडं टीव्ही कसा बघतात ते आठवा. तो भिंतीवर उंच टांगलेला, आजी खाली सतरंजीवर, एखादा दारात उभा, कुणी बाजेवर आडवं. समोर नीट बसलेलं कुणीच नसतं! म्हणून मी आयपीएसच घ्या म्हणेन. पुष्कळदा दुकानदारालाही पॅनलचा प्रकार माहीत नसतो. सरळ खाली बसा, मग कडेला जा आणि पडद्यावरच्या माणसांचे चेहरे बघा.

डेमोच्या भडक चित्रावर जाऊ नका. पेनड्राइव्हमध्ये एक पूर्ण काळा आणि एक पूर्ण पांढरा फोटो न्या. पॅनलमध्ये खोट असेल तर पांढऱ्यावर मळकट डाग दिसतील, काळ्यावर कडेनं झिरपणारा उजेड.

‘फुल एचडी सपोर्ट’ला भुलू नका, त्याचा अर्थ टीव्ही १९२० बाय १०८० पिक्सेलचं चित्र स्वीकारतो एवढाच. पॅनल बहुतेक १३६६ बाय ७६८ पिक्सेलचंच असतं. फ्री डिश बघायला तेवढं पुरतं. १ जीबी रॅमचा स्मार्ट टीव्ही मात्र रखडत चालतो, वडीलधाऱ्यांना त्याचा त्रासच होतो.

मागच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का बघा, गावात लाईट डीम होते तेव्हा ते कामाला येतं. दुरुस्तीला माणूस परभणीहून येणार की संभाजीनगरहून, तेही आधीच विचारा. घरी लावल्यावर बॅकलाइट, म्हणजे मागच्या दिव्यांचा उजेड, निम्म्यावर आणा. स्वस्त टीव्हीत मागच्या एलईडी पट्ट्याच बऱ्याचदा आधी जातात. त्या बदलता येतात, पण पॅनल फुटलं तर खर्च जवळजवळ नव्या टीव्हीएवढा येतो.

आणि आईंना एवढं नक्की सांगा: मे-जूनमध्ये वळवाचं आभाळ भरून आलं की कडकडाट सुरू व्हायच्या आधीच लाईटची पिन आणि डिशची वायर, दोन्ही काढून ठेवायच्या.