पाटणकडे (जि. सातारा) घरामागे गावरान कोंबड्या पाळतोय, पण पावसाळ्यात पिल्लं मरतात. सुरुवात कधी आणि कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये २५ पिल्लं आणली, ऑगस्टअखेर ४ उरली, आणि पुढच्या आखाडाला घरचाच कोंबडा हवाय. दोन्हींचं उत्तर एकच आहे: पिल्लं थंडीत काढा. डिसेंबरच्या मध्याला कोंबडी अंड्यांवर बसवली की २१ दिवसांनी, म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पिल्लं निघतात. पाऊस सुरू होईपर्यंत ती पाच महिन्यांची होतात आणि आषाढात नर सहा महिन्यांचे, दीड किलोच्या आसपास भरतात. जूनचं पिल्लू अंगावर पुरती पिसं धरायच्या आत ओल्या जमिनीवर पडतं. पाटण-जावळीच्या पावसात ते तगत नाही.

कोंबडी खरंच खुडूक झालीय का, म्हणजे अंडी उबवायला बसलीय का ते आधी बघा. हात जवळ नेला की पिसं फुलवते, घोगरा आवाज काढते, उठवली तरी परत तिथंच जाऊन बसते, आणि पोटाखालची कातडी उघडी, गरम लागते. तिच्याखाली १० ते १२ अंडीच ठेवा. १५-१६ ठेवली तर कडेची गार पडतात. ती ढकलत ढकलत आत घेते, मग दुसरी गार पडतात आणि निम्मी वाया जातात. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. ती धुऊ नका, कारण वरचं आवरण गेलं की कवचाच्या छिद्रांतून जंतू आत शिरतात. बुट्टीत खाली दोन बोटं चुलीची राख आणि वर भाताचं काड घाला. राखेमुळे पिसवा कमी होतात. सातव्या रात्री अंधारात अंड्यामागं टॉर्च धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं चांगलं. नुसतं पिवळसर दिसलं तर वांझ आहे, काढून टाका. ८-१० कोंबड्यांमागं एक कोंबडा असेल तर वांझ अंडी फारशी निघत नाहीत.

आईबरोबरच्या पिल्लांना बल्ब लागत नाही. विकत आणली असतील तर पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश ऊब हवी, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात: बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोची उघडल्या तर उकडतंय. नुसत्या तांदळाच्या कणीवर वाढवू नका, पाय अधू होतात. पहिले सहा आठवडे तरी चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य द्या.

आता मानमोडी, म्हणजे राणीखेत. हिरवी पातळ हगवण, तोंड उघडून श्वास, नंतर मान पिळवटणं. एकदा घुसली की औषध नाही, लसच हवी. सातव्या दिवशी लासोटा नावाची लस, डोळ्यात एक थेंब. अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा तीच. आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही दुसरी लस, अर्धा मिली पंखाजवळ कातडीखाली. आर-टू-बी त्याआधी टोचू नका, ती कडक लस आहे, लहान पिल्लाला तीच आजारी पाडते. कुपी साधारण १०० पिल्लांची येते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आळीतल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवा आणि लस थर्मासमध्ये बर्फात आणा. लस देऊनही मर झाली तर अनेकदा लस वाटेत तापलेली असते.

पावसाळ्यातला दुसरा जीवघेणा रोग म्हणजे रक्ती हगवण. तिचं मूळ खुराड्यात अंथरलेल्या ओल्या तुसात आहे. १२ कोंबड्यांना ४ बाय ६ फुटांचं खुराडं पुरतं, पण तुमच्याकडं ते जमिनीपासून दीड-दोन फूट उंच आणि पट्ट्यांच्या तळाचं करा, म्हणजे विष्ठा खाली पडते. (जत-आटपाडीच्या दुष्काळी भागात उलटं: तिथं उन्हाळा मारतो, छपरावर पाचटाचा जाड थर हवा.) तूस वापरत असाल तर मुठीत दाबून बघा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ते ओलं आहे, लगेच बदला. बुरशी धरलेला मका किंवा शेंगपेंड तर कधीच घालू नका, यकृत खराब होतं. मुंगसासाठी रात्री दाराला कडी आणि बारीक जाळी लागतेच.

आखाडाचा रस्सा: दीड किलोचा नर साफ करून एक किलोच्या आसपास निघतो. हळद, मीठ, आलं-लसूण लावून तासभर ठेवा. थोड्या तेलावर पाणी सुटून आटेपर्यंत परता, मग उकळतं पाणी घाला. गार पाण्यानं शिजायला वेळ लागतो. पातेल्यात दीड तास, कुकरला ६-७ शिट्ट्या. वरची आळणी, म्हणजे बिनमसाल्याचा पातळ रस्सा, वेगळी काढा. भाजलेले दोन कांदे, अर्धी वाटी सुकं खोबरं, चमचाभर तीळ आणि कोथिंबीर वाटून तेल सुटेपर्यंत परता. गॅस बारीक करून दोन-तीन चमचे कांदा-लसूण मसाला घाला आणि लगेच पळीभर आळणी ओता. तो कोरडा जळला की रस्सा कडू होतो, मग काही करून सुधरत नाही.

श्रावणात घरी अंडी खात नसाल तर ती विका, कोंबडीखाली घालू नका. तेव्हा एखादी खुडूक झालीच तर तिला जाळीच्या तळाच्या उंच पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, दाणापाणी रोजचंच. पोटाला खालून वारा लागला की खुडूक मोडते आणि दोन-तीन आठवड्यांत ती परत अंडी द्यायला लागते.