स्टेक चामड्यासारखा होतोय? पोलिश बीफबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात झ्राझीवर, म्हणजे ठोकून सावकाश शिजवलेल्या बीफच्या तुकड्यांवर, जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक पत्रं पोलंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींची आहेत आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त जणांची तक्रार एकच आहे, मांस मऊ होत नाही. म्हणून यावेळी दुसरं काही न घेता फक्त बीफ.

ताई नमस्कार. आम्ही व्रोत्सवाफला राहतो. दुकानातून अर्धा किलो वोवोविना आणली, छान लालबुंद होती, जाड तुकडे केले आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं भाजले तर अक्षरशः चामडं. ऑफिसमधल्या पोलिश मैत्रिणीच्या घरी मात्र काट्याने तुटत होतं. मांस जुनं मिळालं असेल का?

मांस जुनं नाही हो, तुकडा वेगळा आहे. वोवोविना म्हणजे नुसतं बीफ, जनावराच्या कुठल्या भागाचं ते त्यातून कळत नाही, आणि सगळा खेळ तिथेच आहे. काउंटरवर जे लालबुंद, चरबी नसलेलं, दिसायला सगळ्यात सुंदर मांस असतं ना, ते बहुतेक वेळा मागच्या मांडीचं असतं, पाटीवर झ्राझोवा गुर्ना, झ्राझोवा दोल्ना किंवा लिगावा असं लिहिलेलं. मांडी म्हणजे आयुष्यभर चाललेला स्नायू, त्यात चिवट पडदे भरपूर, दहा मिनिटांत ते आवळतात आणि रस बाहेर फेकतात. तेच जर थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, बारीक आचेवर दीड-दोन तास ठेवलं तर तेच पडदे विरघळून जिलेटिन होतात आणि मांस मऊ तर होतंच, वर ग्रेव्हीला तो ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. तव्यावरचा स्टेक करायचा तर पाठीकडचा भाग हवा, पोलेंद्वित्सा, रोस्टबेफ किंवा आंत्रिकोत.

बघा ना, झ्राझोवा या नावातच सांगून ठेवलंय की हे झ्राझीचं मांस आहे. झ्राझ म्हणजे कापलेला तुकडा. पोलिश घरात बीफ म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो जाड स्टेक नव्हेच, पातळ कापलेला, ठोकलेला आणि सावकाश शिजवलेला तुकडा येतो. याला कारणंही आहेत. इथल्या गाई मुख्यतः दुधाच्या जातीच्या, त्यांचं मांस चरबीने भरलेलं नसतं, त्यात वर्षानुवर्षं बीफपेक्षा डुकराचं मांसच घराघरात जास्त. आणि एप्रिल १९८१ पासून १९८९ पर्यंत मांस रेशन कार्डावर मिळायचं, तेव्हा हातात आलेला छोटासा तुकडा सगळ्या घराला पुरवायचा तर तो पातळ ठोका आणि भरपूर ग्रेव्ही करा, हाच मार्ग होता. झ्राझी त्याच्या शेकडो वर्षं आधीपासून आहेत, पण माझ्या सासूबाईंच्या पिढीचा हात त्या दिवसांत तयार झाला आणि त्यांना अजूनही मांसाचा एक कण वाया गेलेला चालत नाही.

तुम्ही सुरुवात बित्कीपासून, म्हणजे ग्रेव्हीत शिजवलेल्या ठोकलेल्या कापांपासून करा, सगळ्यात सोपं. कसायाकडे "ना बित्की" किंवा "ना झ्राझी" म्हणून मागा, तो स्वतःच बरोबर तुकडा काढतो. वजन ग्रॅममध्ये न सांगता डेकोमध्ये सांगा, १ डेको म्हणजे १० ग्रॅम, साठ डेको म्हटलं की सहाशे ग्रॅम. धाग्यांच्या आडवे सेंटिमीटरभर जाडीचे काप करायचे (हे आडवे फार महत्त्वाचं आहे, उभे कापलेत तर तीन तास शिजवून पण दोऱ्या दोऱ्या लागतील), हातोडीने ठोकायचे, मीठ-मिरी, मैद्यात हलकेच घोळवायचे, गरम तुपात किंवा तेलात दोन्हीकडून तांबूस करायचे, मग भरपूर कांदा, दोन तमालपत्रं, चार-पाच ऑलस्पाइसचे दाणे, मांस जेमतेम बुडेल इतकं गरम पाणी आणि झाकण. दीड तासाने काटा घालून बघा, अडकला तर अजून वीस मिनिटं. घाई केली की ते चामडं परत आलंच समजा.

ताई, मी कातोवित्सेला नवीन आहे. घरमालकीणबाईंनी रविवारी जेवायला बोलावून रोलादा (आत मसाला भरून गुंडाळलेलं बीफ) खाऊ घातली, मी वेडीच झाले. घरी केली तर उलगडून सगळा मसाला बाहेर आणि रस्सा पाण्यासारखा. नीट सांगाल का? आणि ते खळगा असलेले बटाट्याचे गोळे पण.

सांगते की, हा तर माझ्या सासरचा विषय. मी ग्लिवित्सेची सून, श्लोंस्कमध्ये म्हणजे सिलेशियात रविवारचं जेवण म्हणजे रोलादा, क्लुस्की (तेच बटाट्याचे गोळे) आणि मोद्रो कापुस्ता (लाल कोबी), ही तिघं एकत्रच येतात.

सहा माणसांना एक किलो झ्राझोवा गुर्ना घ्या. काप तळहातापेक्षा मोठे हवेत, ठोकून चार-पाच मिलीमीटर करायचे. ठोकताना वर प्लास्टिकची फिल्म टाका नाहीतर हातोडी ओली करा आणि मधून बाहेरच्या बाजूला ढकलत ठोका, एकाच जागी दणके दिले तर भोक पडतं आणि मग उलगडण्याची सुरुवात तिथूनच होते. मीठ अगदी कमी, कारण आत बोचेक (डुकराच्या पोटाकडचं चरबीदार मांस) आणि काकडी दोन्ही खारट. मिरी, आणि मग मोहरीचा थर, सारेप्स्का नावाची जरा झणझणीत मोहरी मिळते ती घ्या, गोड नको. त्यावर धुरावलेल्या बोचेकची एक पट्टी, कांद्याचा पातळ काप, आंबवलेल्या काकडीची उभी फोड. कुणी सॉसेजची पट्टी पण घालतात, आमच्याकडे घालत नाहीत.

आता गुंडाळणं. आधी डाव्या-उजव्या कडा आत दुमडायच्या, पाकीट करतो तशा, मग घट्ट गुंडाळायचं. तुमचा मसाला बाहेर आला म्हणजे कडा दुमडल्या नव्हत्या असं मला वाटतंय. दोऱ्याने बांधा, पांढरा सुती, रंगीत नको. टूथपिकही चालते पण ती टोचलेली रोलादा तव्यात सगळीकडून सारखी फिरत नाही आणि एक बाजू फिकी राहते. मैद्यात घोळवून गरम स्मालेत्समध्ये (डुकराची चरबी) किंवा तुपात सगळ्या बाजूंनी चांगली गडद तांबूस करा, एका वेळी चारच, दाटी केली की पाणी सुटतं आणि त्या भाजण्याऐवजी उकडतात. सासूबाई जोडाची बाजू आधी खाली ठेवायला सांगतात, ती पहिली चिकटून बंद झाली की मग काळजी नाही.

रस्सा पाण्यासारखा का झाला त्याचं उत्तर तव्यात आहे. भाजून झाल्यावर तव्याच्या तळाला जे तपकिरी चिकटलेलं असतं तेच रश्श्याचा रंग आणि चव, ते धुवून टाकायचं नाही, गरम पाणी ओतून उलथन्याने खरवडायचं आणि सगळं पातेल्यात. मूठभर वाळलेली मशरूम, बोरोविक मिळाली तर सोनंच, आधी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून त्या पाण्यासकट टाका (तळाची रेती तेवढी मागे ठेवा). एक कांदा, तमालपत्र, ऑलस्पाइस. पाणी रोलादांच्या अर्ध्या उंचीपेक्षा थोडं वर, बुडवायच्या नाहीत. दीड ते दोन तास, अगदी मंद, अधूनमधून उलटवत. शेवटी रोलादा बाहेर काढून रस्सा झाकण न ठेवता आटवा, त्यातला कांदा चमच्याने चेपला की तोच दाटपणा देतो, फारच पातळ वाटला तर चमचाभर मैदा थंड पाण्यात कालवून. सिलेशियात हा रस्सा गडदच ठेवतात. बाकी ठिकाणी झ्राझीला श्मिएताना म्हणजे सावर क्रीम घालतात, ते थेट ओतलं तर फाटतं, आधी क्रीममध्येच दोन-तीन चमचे गरम रस्सा घालून ते कोमट करायचं आणि मग पातेल्यात, त्यानंतर उकळायचं नाही. आणि हो, आदल्या दिवशी करून ठेवा, दुसऱ्या दिवशी दुप्पट चांगली लागते.

क्लुस्कीचं माप मला फार आवडतं कारण त्याला वजनकाटा लागतच नाही. पिठूळ बटाटे उकडून गरम असतानाच गाळणीतून दाबून घ्या, थंड होऊ द्या, पातेल्यात सपाट थापा, सुरीने चार भाग करा, एक भाग उचलून बाकीच्यांवर ठेवा आणि रिकाम्या जागेत काठोकाठ बटाट्याचं स्टार्च भरा. झालं प्रमाण. एक अंडं घालून मळा, गोळे करा, अंगठ्याने खळगा पाडा, खारट उकळत्या पाण्यात सोडा, वर आले की दोन-तीन मिनिटांत काढा. तो खळगा शोभेचा नाही, रस्सा त्यात साठतो म्हणून आहे. मोद्रो कापुस्ताला व्हिनेगर शिजताना लवकर घाला, आंबटपणाने रंग टिकतो नाहीतर निळसर करडा होतो.

काकडी कुठलीही चालते ना? घरी व्हिनेगरवाल्या काकडीची बरणी उघडी आहे.

नाही चालत, म्हणजे होईल पण चव बदलेल. किशोनी म्हणजे मिठाच्या पाण्यात आंबवलेली, कोन्सेर्वोवी म्हणजे व्हिनेगर-साखरेतली. दुसरी शिजल्यावर रस्सा गोडसर करते. बरणीवरचं नाव वाचून घ्या, दोन्ही शेजारी शेजारीच ठेवलेल्या असतात.

आमच्याकडे डुकराचं मांस चालत नाही, बीफ चालतं. बोचेकशिवाय रोलादा होते का? क्राकुफहून विचारतेय.

होते, पण बोचेक दोन कामं करतं हे लक्षात ठेवून करा. एक, कोरड्या मांसाला आतून चरबी देतं आणि दुसरं, धुराचा वास. चरबीसाठी गार लोण्याची बोटभर कांडी आत ठेवा, धुरासाठी धुरावर वाळवलेलं प्लम, पोलंडमध्ये ती ख्रिसमसच्या सुमारास सगळीकडे असतात आणि काही दुकानांत वर्षभर, एका रोलादात अर्धं पुरे. मोहरी आणि काकडी तशीच राहू द्या. गोड-आंबट-धुरकट असं काहीतरी वेगळंच तयार होतं आणि मला विचाराल तर पाहुण्यांसमोर न लाजता ठेवण्यासारखं. भाजायला स्मालेत्स नको, तूप घ्या. आणि मोहरी-सॉस विकत घेताना घटक वाचता तसेच तयार सूपक्यूबचेही वाचा, त्यात डुकराची चरबी असू शकते.

प्रेशर कुकरमध्ये करू का? नोकरी करून दोन तास गॅसपाशी थांबणं जमत नाही.

करा की. इथे पण शिब्कोवार घराघरात आहे. भाजणं मात्र उघड्या तव्यातच व्हायला हवं. पाणी नेहमीपेक्षा कमी घाला कारण ते उडून जात नाही, प्रेशर आल्यावर पंचवीस ते तीस मिनिटं, आणि वाफ आपोआप जाऊ द्या, शिट्टी उचलून सोडली तर मांस घट्ट होतं. नंतर झाकण काढून रस्सा आटवायची दहा मिनिटं द्याच. खरं सांगायचं तर रस्सा मंद आचेच्या जवळ जातो, तिथपर्यंत पोचत नाही, पण मंगळवारी संध्याकाळी गरम रोलादा मिळणं हेही काही कमी नाही.

खरा स्टेक पोलिश पद्धतीने कसा करतात? वॉर्सात हॉटेलात कांदा आणि वर अंडं असलेला खाल्ला होता. आणि वेटरने विचारलं ते काहीच कळलं नव्हतं.

तो बेफश्टिक. पोलेंद्वित्साचा तीन सेंटिमीटर जाडीचा तुकडा घ्या, फ्रीजमधून अर्धा तास आधी काढा, कागदाने टिपून अगदी कोरडा करा (ओला तुकडा तांबूस होतच नाही), तळव्याने हलकेच दाबा, इथे हातोडी नको. जड तवा धूर येईपर्यंत तापवून तेल, मग मांस, प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटं, शेवटी लोण्याचा तुकडा. बाजूला काढून पाच मिनिटं झाकून ठेवा. त्याच तव्यात लोणी आणि कांद्याच्या चकत्या, आच कमी करून पंधरा मिनिटं, सोनेरी होईपर्यंत. मांसावर कांदा, कांद्यावर हाफ फ्राय अंडं, पिवळं फुटलं की तोच सॉस. सोबत ख्शान म्हणजे हॉर्सरॅडिश, नाहीतर बीट आणि ख्शान मिसळलेली च्विकवा.

वेटरने विचारलं असेल किती भाजू. क्रफिस्ती म्हणजे आतून लाल, मध्यभागी साधारण ५२ डिग्री. श्रेद्न्यो विस्माझोनी म्हणजे मधलं, ६० च्या आसपास. नुसतं विस्माझोनी म्हणजे पूर्ण भाजलेलं, ७० च्या वर. घरी अंदाज लावत बसण्यापेक्षा टोचायचा थर्मामीटर घ्या, एवढ्या महागाच्या तुकड्यावर नशिबाचा प्रयोग कशाला. हाच पोलेंद्वित्सा पातळ ठोकून मिनिटभर परतला आणि वर मशरूम घातली की ब्रिझोल होतो, लहान मुलांना तो जास्त आवडतो.

नवऱ्याच्या मित्रांना तातार खायचाय, मी पाच महिन्यांची गरोदर आहे. घरी करावा का, आणि मी एक घास खाल्ला तर?

आधी तुमचं, एक घाससुद्धा नाही. तातार म्हणजे पूर्ण कच्चं बीफ आणि त्यावर कच्चं पिवळं, टॉक्सोप्लाझ्मा, साल्मोनेला, लिस्टेरिया, या सगळ्या जंतूंचा धोका आणि तो बाळाला जास्त. फ्रीझरमध्ये ठेवून सुरक्षित होईल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, गोठवल्याने टेपवर्मच्या अळ्या मरतात पण बॅक्टेरिया जिवंत राहतात. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांनाही देऊ नका.

मित्रांना करायचाच असेल तर अख्खा पोलेंद्वित्सा तातारसाठी आहे असं सांगून त्याच दिवशी विश्वासाच्या कसायाकडून घ्या, तयार खिमा चालणार नाही. घरी वेगळा पाट आणि वेगळी सुरी, बाहेरचा थर कापून टाका, मग बारीक चिरा, यंत्रात घालू नका, त्याचा लगदा होतो. कांदा, किशोनी काकडी, व्हिनेगरमधली मशरूम, मोहरी वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा, जो तो स्वतः कालवून घेतो, तीच पद्धत आहे. लगेच खायचं, उरलं तर फेकायचं. चिरण्याचं काम नवऱ्याला द्या, तुम्ही कच्च्या मांसाला हात लावू नका.

तुमच्यासाठी त्याच पोलेंद्वित्साचा तुकडा वेगळा ठेवून चिरलेला बेफश्टिक करा, बारीक चिरून, कांदा-मिरी घालून जाडसर टिक्की, आणि मध्यभागी ७१ डिग्री होईपर्यंत नीट भाजा. अंडं पण दोन्हीकडून भाजलेलं. काकडी आणि मोहरी मात्र मित्रांच्या वाट्यांतलीच घ्या, त्यांनी चमचे बुडवायच्या आधी काढून ठेवलेली.