विक्री ६० कोटींची, हातात साडेसात: उद्योजकांचे प्रश्न

एकामागून एक कंपन्या काढणाऱ्या आणि मधल्या काळात इतरांच्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या वाचकांचे हे प्रश्न आहेत.

प्रश्न: माझी दुसरी कंपनी ६० कोटींना विकली गेली. माझा हिस्सा ३० टक्के, म्हणून मी १८ कोटी धरून चाललो होतो. हिशेबात आले साडेसात, आणि त्यातलेही काही अडकवून ठेवले आहेत. पहिल्या फेरीतल्या गुंतवणूकदारांनी ८ कोटी घालून २० टक्के घेतले होते, दुसऱ्या फेरीतल्यांनी २४ कोटी घालून ३० टक्के. बँकेचे कर्ज ६ कोटी होते. कुणी फसवले का?

उत्तर: फसवणूक दिसत नाही, तुमच्याच सहीचे कागद दिसतात. विक्रीची रक्कम टक्केवारीने वाटली जात नाही, ती उतरंडीने खाली येते. आधी बँकेचे ६ कोटी. मग वकील आणि मध्यस्थ बँकरची फी. या आकाराच्या व्यवहारात ती २ कोटी धरू. उरले ५२.

पुढची पायरी लिक्विडेशन प्रेफरन्सची, म्हणजे गुंतवणूकदाराने आपले मुद्दल आधी काढून घ्यायचे. दुसऱ्या फेरीने २४ कोटी उचलले, उरले २८. पहिल्या फेरीसमोर दोन पर्याय होते: मुद्दल ८ कोटी घ्यायचे, किंवा साध्या शेअरमध्ये रूपांतर करून २८ कोटींचे २० टक्के, म्हणजे ५.६ कोटी घ्यायचे. त्यांनी अर्थातच ८ घेतले. राहिले २० कोटी.

आता खरी मेख. तुमचा आकडा साडेसात येतो याचा अर्थ दुसऱ्या फेरीचे शेअर 'पार्टिसिपेटिंग' आहेत. म्हणजे मुद्दल घेऊनही ते उरलेल्या पंगतीत पुन्हा बसतात. २० कोटींचे वाटेकरी झाले त्यांचे ३० आणि तुम्ही, भागीदार व कर्मचारी मिळून ५०, एकूण ८० भाग. तुमचे ३० भाग म्हणजे साडेसात कोटी. तोच शब्द 'नॉन-पार्टिसिपेटिंग' असता, तर २० कोटी फक्त ५० भागांत वाटले गेले असते आणि तुम्हाला १२ मिळाले असते. साडेचार कोटी एका शब्दाने गेले. टर्म शीटवर, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदावर, सही करताना सगळ्यांचे डोळे मूल्यांकनाच्या आकड्यावर असतात, आणि हा शब्द दोन पाने पुढे असतो.

अडकलेले पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात, असतील. विक्रीनंतर एखादा जुना कर, दावा किंवा लपलेले देणे निघाले तर खरेदीदाराला त्यातून वळते करता येते. १० ते १५ टक्के रक्कम १२ ते १८ महिने ठेवणे नेहमीचे आहे. ती सुटण्याची तारीख आणि दावा करण्याची शेवटची तारीख दोन्ही तपासा. खरेदीदार शेवटच्या आठवड्यात दावा टाकून रक्कम रोखू शकतो, आणि त्याला तपशीलवार कारण द्यावे लागेल असे कलम नसेल तर वाद लांबतो. एस्क्रोचा पैसा सुटेपर्यंत नव्या कंपनीच्या भांडवलात धरू नका.

अर्न-आउटही असेल, म्हणजे किमतीचा काही भाग विक्रीनंतरचे उद्दिष्ट गाठल्यावरच मिळणार असेल, तर त्याला अर्धीच किंमत द्या. विक्रीनंतर दर, जाहिरात, माणसे सगळे खरेदीदाराच्या हातात जाते आणि उद्दिष्ट मात्र तुमच्या नावावर राहते. ते नफ्यावर न बांधता विक्रीच्या उलाढालीवर बांधून घ्या. नफ्यात मुख्यालयाचा खर्च घालून तो शून्यावर आणणे फार सोपे असते.

प्रश्न: खात्यात २ कोटी आहेत, दरमहा निव्वळ २५ लाख जळतात. आठ महिने आहेत म्हणून गुंतवणूकदार "अजून थोडे थांबा" म्हणतात. बंद करावी की ओढावी?

उत्तर: आठ महिने नाहीत. कंपनी बंद करायलाही पैसे लागतात, आणि ते शेवटच्या महिन्यात कुणी देत नाही. एक कागद घ्या आणि मांडा: दोन महिन्यांचा नोटीस पगार २८ लाख, शिल्लक रजेचे १० लाख, ग्राहकांनी आगाऊ भरलेली आणि परत करावी लागणारी वर्गणी ३० लाख, पुरवठादार १२, जागेचा करार मोडण्याचे ९, हिशेबनीस आणि वकील ६. बेरीज ९५ लाख. आकडे तुमचे वेगळे येतील, रकाने हेच. दोन कोटींतून ९५ लाख गेले की उरतात १ कोटी ५ लाख, म्हणजे जेमतेम चार महिने. नवी फेरी उभी करायला चार ते सहा महिने जातात. तेव्हा निर्णय आजच्या बैठकीतला आहे.

यात सर्वात जास्त घात करते ती आगाऊ वर्गणी. वर्षाचे पैसे एकदम येतात, खाते भरलेले दिसते, आणि पुढच्या अकरा महिन्यांच्या सेवेचे पैसे पगारात जातात. दुसरा घात म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर "पुढच्या महिन्यात भरू" म्हणून वापरणे. तो पैसा कंपनीचा नसतोच, आणि अनेक देशांत त्यासाठी संचालकाला व्यक्तिशः धरले जाते. तिसरा, वैयक्तिक हमी. मर्यादित जबाबदारीची कंपनी तुम्हाला वाचवते, पण जिथे स्वतःच्या नावाने हमी दिली तिथे नाही. कर्जाचा किंवा जागेचा करार करतानाच हमीला रकमेची आणि मुदतीची मर्यादा घालून घ्यावी लागते. संकटात ती कुणी सैल करत नाही.

बंद करण्याची रीत पुढच्या कंपनीचे भांडवल ठरवते, आणि हे नुसते नीतीचे बोलणे नाही. स्टुअर्ट बटरफील्डच्या टायनी स्पेकने 'ग्लिच' हा ऑनलाइन खेळ डिसेंबर २०१२ मध्ये बंद केला. खात्यात पैसे शिल्लक असतानाच थांबले. खेळाडूंना पैसे परत दिले, काम गेलेल्या माणसांना नोकऱ्या शोधून देण्यासाठी खटपट केली, गुंतवणूकदारांना उरलेली रक्कम परत देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही, आणि खेळ बनवताना आपापसांत बोलण्यासाठी केलेल्या साधनातून स्लॅक उभे राहिले. २०२१ मध्ये सेल्सफोर्सने ते २७.७ अब्ज डॉलरला घेतले. पैसे पूर्ण संपल्यावर थांबले असते तर हा दुसरा प्रयोग करायला काही उरलेच नसते.

तिसरा मार्गही आहे, अर्धा धंदा विकणे. लाउडक्लाउडने २००२ मध्ये सर्व्हर सांभाळण्याचा तोट्यातला धंदा ईडीएसला ६३.५ दशलक्ष डॉलरला दिला, फक्त सॉफ्टवेअर ठेवले, नाव ऑप्सवेअर केले. २००७ मध्ये एचपीने ते सुमारे १.६ अब्ज डॉलरला घेतले. रोकड खाणारा भाग आणि मोल असलेला भाग वेगळे करता येतात का, हा प्रश्न बंद करण्याआधी एकदा तरी विचारा.

प्रश्न: पहिली कंपनी चांगली विकली गेल्यामुळे दुसरीला उत्पादन तयार नसतानाच मोठ्या मूल्यांकनावर पैसे मिळत आहेत. घ्यावेत का?

उत्तर: पैसे घ्या, मूल्यांकन थोडे खाली आणून घ्या. नावावर मिळालेला भाव पुढच्या फेरीत आकड्यांनी सिद्ध करावा लागतो. तो जमला नाही तर खालच्या भावाची फेरी होते, आणि तेव्हा अँटी-डायल्यूशनचे, म्हणजे भाव उतरल्यास जुन्या गुंतवणूकदाराला भरपाईचे जादा शेअर देणारे, कलम जागे होते.

समजा कंपनीचे १० लाख शेअर, शेवटचा भाव १००. त्यात गुंतवणूकदाराकडे ३ लाख, तुमच्याकडे ५ लाख. आता ५० च्या भावाने १ कोटी उभे करायचे आहेत, म्हणजे २ लाख नवे शेअर. कलम 'फुल रॅचेट' असेल तर जुन्या गुंतवणूकदाराचा भाव थेट ५० होतो, त्याचे ३ लाखांचे ६ लाख होतात आणि तुमचा हिस्सा ५० वरून ३३.३ टक्क्यांवर येतो. 'ब्रॉड-बेस्ड वेटेड ॲव्हरेज' असेल तर भाव १०० × (१० + १) ÷ (१० + २) = ९१.६७ होतो. त्यातला १ म्हणजे जुन्या भावाने जितके लाख शेअर आले असते तितके, आणि २ म्हणजे प्रत्यक्षात आलेले. त्याचे शेअर ३.२७ लाख होतात आणि तुमच्याकडे ४०.७ टक्के राहतात. रॅचेट मागणाऱ्याला नाही म्हणायला दुसऱ्यांदा उतरलेल्या उद्योजकाइतका मोकळा माणूस नसतो. तो हक्क वापरा.

आणखी एक. जुने सहकारी बरोबर घेता तेव्हा "आपलीच माणसे" म्हणून वेस्टिंग (शेअर काम केलेल्या काळाप्रमाणे हळूहळू मिळणे) ठेवले जात नाही. ठेवा, स्वतःवरही. चार वर्षे, पहिल्या वर्षाचा क्लिफ: दहाव्या महिन्यात गेलेल्याला काही नाही, अठराव्या महिन्यात गेलेल्याला साडेसदतीस टक्के. नाहीतर सहा महिन्यांत निघून गेलेला मित्र पुढची दहा वर्षे २० टक्क्यांचा धनी राहतो, आणि नवा गुंतवणूकदार भागधारकांची यादी बघूनच मागे फिरतो. जुन्या कंपनीच्या विक्री करारात स्पर्धाबंदी आणि जुनी माणसे न फोडण्याची अट असते, तिची मुदत नोकरीची पत्रे देण्याआधी वाचा.

प्रश्न: विक्रीतून आलेल्या पैशातून नव्या कंपन्यांत गुंतवणूक करायची आहे. पाच चांगल्या निवडून मोठी रक्कम घालावी असा विचार आहे.

उत्तर: पाच फार कमी. मानण्यापुरते गणित असे: १०० घेऊन २० कंपन्यांत ५–५ घातले. १० बुडाल्या. ६ कंपन्यांनी मुद्दल दिले, ३०. तिघींनी तिप्पट, ४५. एकीने वीसपट, १००. एकूण १७५. आठ वर्षांनी आले तर वार्षिक सव्वासात टक्के, आणि ती एक काढली तर १०० चे ७५. सगळा खेळ त्या एकीचा. वीसात एक हे प्रमाण धरले, तर पाच कंपन्यांत ती मुळीच न सापडण्याची शक्यता ७७ टक्के, वीस कंपन्यांतही ३६ टक्के.

म्हणून एकूण मालमत्तेचे १० ते १५ टक्केच यात, त्याचे निम्मे पहिल्या चेकसाठी आणि निम्मे चांगल्या चालणाऱ्या कंपन्यांच्या पुढच्या फेऱ्यांसाठी. सगळे एका वर्षात घालू नका, चार वर्षांत पसरा. तेजीच्या वर्षातले भाव नंतर भरून निघत नाहीत. प्रो-राटा हक्क, म्हणजे पुढच्या फेरीत आपल्या हिश्शाच्या प्रमाणात पैसे घालण्याचा हक्क, लिहून घ्या, नाहीतर जिंकणाऱ्या कंपनीतच तुमचा हिस्सा विरळ होत जातो. बुडणाऱ्या कंपन्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच बुडतात, जिंकणाऱ्या आठ-दहा वर्षे घेतात, त्यामुळे मधली वर्षे कागदावर नुसता तोटा दिसतो. तेव्हाच बहुतेक लोक हात आखडतात.

इलॉन मस्कने पेपाल विक्रीतले पैसे स्पेसएक्स आणि टेस्लात ओतले, हे उदाहरण कायम पुढे येते. फाल्कन १ ची पहिली तीन उड्डाणे फसली, चौथे २८ सप्टेंबर २००८ ला जमले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात टेस्ला पैसे संपता संपता वाचली. चौथेही फसले असते तर हे उदाहरण कुणी दिले नसते. उलट गुंतवणूकदार पीटर थीलने २००४ मध्ये फेसबुकला ५ लाख डॉलर दिले ते १०.२ टक्क्यांसाठी. तो चेक बुडाला असता तरी त्याचे घर चालू राहिले असते.

प्रश्न: मी एका चालू कंपनीचा प्रमुख आहे आणि बाहेर गुंतवणूकही करतो. अडचण येईल का?

उत्तर: लपवले तर येईल. संचालक मंडळाला यादी लेखी द्या आणि दर तिमाहीला ती सुधारा. स्वतःच्या क्षेत्रातल्या कंपनीचे सादरीकरण पाहण्याआधीच नकार कळवा. एकदा पाहिले की पुढे तुम्ही काहीही बनवले तरी कल्पना उचलल्याचा आरोप येऊ शकतो. बाहेरच्या कंपनीत संचालकपद घेऊ नका, माहिती मिळवण्याचा हक्क पुरे.